भोवऱ्यात गेलेलं झाकण

वस्तू हरवण्याची माझ्या व्याह्यांनी जेवढी धास्ती घेतली आहे तेवढी या पृथ्वीवर दुसऱ्या कुणी घेतली नसेल, आणि घेतली असेलच तर तो माणूस कुठं हरवू नये म्हणून व्याही त्याच्याही पाठीवर नाव घालून ठेवतील. हे मी कौतुकानं सांगतोय की वैतागून, ते माझं मलाच कळत नाही. मी चौथीतनं शाळा सोडलेला, होटगी जंक्शनला पॉइंटमन म्हणून रुळांचे सांधे बदलत उभी नोकरी काढलेला माणूस. लिहायची सवय नाही. झालं तसं सांगतो, मधेच चिडलो तर चिडू द्या.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. जन्मभर त्यांनी एकच धंदा केला, भांड्यांवर नावं घालायचा. मधल्या मारुतीजवळ एका भांड्याच्या दुकानाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायचे, मांडीवर फडकं, हातात ते टर्र टर्र करणारं मशीन. लग्नातला तांब्या असो, बारशाची वाटी असो, वास्तुशांतीचं पातेलं असो, अर्ध्या सोलापूरच्या मांडणीवर त्यांचं अक्षर आहे. गिऱ्हाईक पातेलं उचलून निघालं की हे मागनं ओरडायचे, "नीट न्या, नाव घातलंय त्याच्यावर." जणू नाव घातलं म्हणजे पातेल्याला जीव आला. पुढं नजर कमी झाली, बारीक ठिपके जुळेनात, म्हणून धंदा सोडला. मशीन मात्र सोडलं नाही. ते पिशवीत घालून बरोबर घेऊन फिरतात आणि कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत नाहीत, प्लग कुठं आहे ते बघतात.

त्यांच्या स्वतःच्या घरात नाव नसलेली वस्तू शोधून दाखवावी. चष्म्याची काडी, छत्रीची मूठ, अडकित्ता, इस्त्री, कुकरची शिट्टी. एकदा कुलपावर नाव घातलं, किल्लीवर घातलं, आणि मग त्यांची झोप उडाली. किल्ली रस्त्यात पडली, चोराला सापडली, तर कुणाचं घर फोडायचं ते त्याला आयतंच कळणार. म्हणून कानस घेऊन किल्लीवरचं नाव घासायला बसले. नावाबरोबर दातेही झिजले. किल्ली कुलपाला लागेना, शेवटी कुलूप तोडावं लागलं. मी म्हटलं, "काय मिळवलं व्याही?" तर म्हणाले, "कुलूप मोडलं पाव्हणं, पर हरवलं तर न्हाई की." गॅसच्या टाकीवरही त्यांनी असंच नाव घातलं होतं. टाकी संपल्यावर गॅसवाला ती उचलून दुसरी ठेवून गेला, त्याला जमाना झाला. पण अजूनही नवी टाकी दारात आली की व्याही तिच्याभोवती एक फेरा मारून आपलं नाव शोधतात. "यील की फिरत फिरत," म्हणतात, "जाती कुटं, जिल्ह्यातच हाय."

सगळ्यात कहर मोडनिंबला झाला. आम्ही दोघं एका लग्नाहून एसटीनं परत येत होतो. व्याह्यांचं बोचकं टपावर. मोडनिंबच्या स्टँडवर गाडी थांबली तसे हे बोचकं आहे का बघायला खाली उतरले. जवळनं टप दिसेना म्हणून एक पाऊल मागं गेले, मग आणखी मागं, असं करत करत पार रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीला पाठ टेकेपर्यंत गेले. बोचकं दिसलं. गाडीही दिसली, सुटताना. बोचकं सुखरूप सोलापूरला पोचलं, हरवले ते व्याही. संध्याकाळी दुसऱ्या गाडीनं आले तेव्हा मी रागात म्हटलं, "नाव बोचक्यावर कशाला, तुमच्यावरच घालायला पायजे हुतं." ते त्यांनी मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी गळ्यात काळ्या गोफात एक स्टीलचा बिल्ला, त्याच्यावर नाव, पेठ, गाव. तो बिल्ला अजून गळ्यात आहे. माझी बायको इंदू तो बघून इतकी हसली होती की तिला ठसका लागला, आणि ठसका ओसरल्यावर म्हणाली, "व्याही, माझ्या मिसळणाच्या डब्यावर पण घाला की नाव, शेजारणी नेतात आणि वाटीभर मोहरीसकट विसरतात." व्याह्यांनी डब्यावर घातलं, आतल्या वाट्यांवर घातलं, चमच्यावरही घातलं. नाव घाला म्हणून आपण होऊन सांगणारी बाई त्यांना जन्मात एकच भेटली असेल.

इंदू गेल्या उन्हाळ्यात गेली. त्याबद्दल जास्त सांगत नाही. घर आहे, भांडी आहेत, भांड्यांवर तिचं नाव आहे, ती नाही.

तेव्हापासून व्याही रोज यायला लागले. सांत्वन वगैरे त्यांना जमत नाही, मलाही नको होतं. त्यांनी काळजीला दुसरी वस्तू शोधली. इंदूचा मोबाईल. "पाव्हणं, विहीणबाईंचा रिचार्ज मारला का? नंबर बंद पडला की कंपनी तो दुसऱ्याला देती म्हनं. उद्या कुनीबी उचलंल आन हॅलो म्हनंल." हे ऐकल्यावर मलाही गप्प बसवेना. मी तो मोबाईल मांडणीवर, मिसळणाच्या डब्याशेजारी, चार्जिंगला लावून ठेवला. त्यात तिनं रिंगला कोकिळेचा आवाज लावलेला. पण फोन करणार कोण? ज्यांना ती पाहिजे होती त्यांना सगळ्यांना माहीत होतं.

आता मुलीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिच्या कामाची आहे. माझी अश्विनी समुद्राचा अभ्यास करते. नळाचं पाणी कधी येईल म्हणून घागरी भरून ठेवणाऱ्या गावची पोर, आणि काम समुद्रावर. किनाऱ्याकडच्या एका संस्थेत ती आणि जावई दोघं राहतात. गणपतीला ती आली होती. इंदूशिवायचा पहिला गणपती, त्यामुळं कुणी घरात थांबायला तयार नाही, सगळे बाहेर ओट्यावर. व्याह्यांनी विचारलं, "सूनबाई, त्या जहाजावर तुमी करताय तरी काय? मासं मोजताय?"

ती म्हणाली, "नाही मामा." सासऱ्यांना ती मामा म्हणते. "पाणी कुठनं कुठं जातं ते बघतो."

"पानी काय बघायचं. उताराकडं जातंय."

मग तिनं ओट्यावरच आम्हाला समजावून सांगितलं. "समुद्र किनाऱ्यापासून लगेच खोल होत नाही. आधी आपल्या या ओट्यासारखा लांबच्या लांब उथळ भाग असतो. पुस्तकात त्याला भूखंडमंच म्हणतात, आपण ओटाच म्हणू. मग ही ओट्याची कड, आणि कडेखाली एकदम खोल. आता समुद्रातले मोठे प्रवाह या कडेला धरून वाहतात. पृथ्वी फिरत असते ना, त्यामुळं पाणी कड ओलांडून सरळ पलीकडं जात नाही, कडेकडेनं जातं. मग ओट्यावरचं पाणी खोलात जातं कसं, आणि खोलातलं ओट्यावर येतं कसं? त्यातलं बरंचसं काम भोवरे करतात. प्रवाहाला पीळ पडतो, त्यातनं एखादा भोवरा सुटतो, आणि तो कडेपाशी आला की एका अंगानं ओट्यावरचं पाणी ओढून खोलात नेतो, दुसऱ्या अंगानं खालचं गार पाणी वर आणून टाकतो."

मला ते एकदम कळलं. मी म्हटलं, "म्हंजे रूळ. गाडी आपल्या मनानं शेजारच्या लायनीला जात न्हाई. सांधा लागतो."

"तसंच समजा अण्णा. फक्त हा सांधा जागेवर राहत नाही. स्वतःभोवती फिरत फिरत सरकत असतो."

"आमच्या होटगीला असला सांधा असता तर मला घरी बसवला असता."

व्याह्यांना हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, "केवढा असतोय ह्यो भोवरा? नदीतल्यावानी?"

"होटगीपासून तुमच्या मोडनिंबपर्यंत सहज बसेल एवढा. वर होडी घेऊन थांबलं तर फिरतोय हे कळतसुद्धा नाही. सावकाश फिरतो, कधी कधी महिना महिना."

इथपर्यंत ठीक होतं. पण पोरीनं आणखी एक सांगितलं आणि घोळ झाला. ती म्हणाली, खालून येणाऱ्या गार पाण्यात माशांच्या वाढीला लागणारं खत असतं, त्यावर किनाऱ्याची मासेमारी चालते, पण कधी कधी त्या पाण्यात हवा फार कमी असते, मग ओट्यावरचे मासे गुदमरतात. व्याह्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. माळकरी माणूस, जन्मात मासा खाल्ला नाही, मासळी बाजाराच्या बाजूचा रस्ता टाळून जातो. पण पुढं कितीतरी दिवस त्यांना घास गोड लागेना. "बिचारी पान्यात राहून गुदमरायची म्हंजे कसं ओ पाव्हणं. जायाचं तरी कुटं त्यांनी." दुसरी काळजी अशी की भोवरा असं पाणी ओढत राहिला तर एक दिवस ओटा कोरडा पडायचा. अश्विनीनं फोनवर त्यांना किती वेळा समजावलं, "मामा, जेवढं जातं तेवढं येतं." हे म्हणायचे, "तुमी म्हनताय म्हंजे आसंल." आणि फोन ठेवला की मला, "मोजून येतंय का पर?"

तिचं काम असं. एक तरंगणारा डबा करतात. वर प्लास्टिकचा गोळा, त्यात आपली जागा आकाशातल्या उपग्रहाला कळवणारं यंत्र. खाली पाण्यात लोंबणारी लांब कापडी बाही, म्हणजे वारा त्याला ढकलत नाही, पाणीच ओढतं. पाणी जिकडं तिकडं डबा, आणि डब्याचा ठिपका मोबाईलच्या नकाशावर. असे डबे जहाजातनं कडेपाशी ओळीनं सोडतात.

"मग परत गोळा करताय," व्याही म्हणाले.

"नाही मामा. परत आणायचे नाहीत. बॅटरी संपेपर्यंत फिरतात, मग गेले."

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "चांगला डबा टाकून देताय?"

"टाकून नाही. हरवायलाच सोडायचा. कुणी हात न लावता तो कुठं जातो, तेच तर बघायचं."

असलं वाक्य त्यांच्यासमोर कुणी बोललं नसेल. बराच वेळ ते बिल्ल्याशी चाळा करत बसले. मग हळूच विचारलं, "नाव तरी घालताय का त्याच्यावर?"

"नंबर असतो. आणि संस्थेचा एक इंग्रजी कागद चिकटवलेला असतो, उचलू नका म्हणून."

"नंबर काय, कैद्यालाबी असतोय. सूनबाई, एकावर तरी नाव घालतो. माझ्या जिवाला बरं वाटंल."

अश्विनीनं खाली बघूनच म्हटलं, "आईचं घाला."

मी उठून आत गेलो. मिसळणाच्या डब्याला आतलं एक पातळ झाकण असतं, वाट्यांवर बसणारं. ते आणून दिलं. व्याह्यांनी पिशवीतनं मशीन काढलं, भिंग लावलं, आणि थांबले. "पाव्हणं, सौ. घालू का कैलासवासी?" मी म्हटलं, "सौ. घाला. मी जिवंत हाय अजून." त्यांनी घातलं, सौ. इंदुमती, सोलापूर. नजर कमी झाली तरी अक्षर दुकानातल्यासारखं आलं. मग झाकण उलटं करून मागच्या बाजूला बारीक अक्षरात इंदूचा नंबर घातला आणि खाली लिहिलं, सापडल्यास पोचते करावे. मला वाचून दाखवलं. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. हरवलेली वस्तू सापडू नये असं कुणाला वाटेल? अश्विनी तेव्हा आत बॅग भरत होती. तिनं पुढचं नाव बघितलं, झाकण ओढणीत गुंडाळलं आणि नेलं.

दसऱ्यानंतर तिचं जहाज निघालं. ती समुद्रावर होती तेवढे दिवस आमच्या घरात चहा दोन वेळा उकळायचा आणि दोन्ही वेळा उतू जायचा. परत किनाऱ्याला लागल्यावर तिनं फोन केला. डबे सोडले होते, त्यातल्या एकाला आईचं झाकण लावून. जे काही व्हायचं ते आता पाण्याच्या हातात. "अण्णा," ती म्हणाली, "गेल्या खेपेला सोडलेले सगळे कडेकडेनंच गेले, एकही पलीकडं गेला नाही. यंदाही नाही गेला तर हे काम बंद करणार आहेत. मला पुन्हा जहाज मिळणार नाही." आवाज सरळ होता, पण आईसारखीच तीही घाबरली की सावकाश बोलते. मला कळलं.

नकाशा तिनं व्याह्यांच्या मोबाईलवर लावून दिला होता. ओट्याची कड त्यात काळ्या रेघेनं काढलेली. ठिपके त्या रेघेशेजारनं मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागं एक उत्तरेला सरकत होते. मग एक दिवस व्याही दूधवाल्याच्या आधी दारात. "पाव्हणं, विहीणबाई फिरायला लागल्या." बघितलं तर बाकीचे पुढं गेलेले आणि एक ठिपका मागं राहून गोल वळत होता. तोच, झाकणाचा. सगळ्यांतला तो एकटाच भोवऱ्यात सापडला होता.

आता अश्विनीचं सगळं त्या एका ठिपक्यावर आलं, आणि व्याह्यांच्या काळजीला ऊत आला. "चक्कर येत आसंल ओ." मी खेकसलो, "झाकणाला कसली चक्कर?" "आन कापड भिजून जड झालं म्हंजे?" "पाण्यात कापड भिजतंच." "मोठं जहाज वरनं गेलं तर?" यावर मी जास्तच खेकसलो. पण ते गेल्यावर मीही भाकरी अर्धी टाकून मोबाईल बघायला त्यांच्या घरी जायचो, आणि त्यांच्या मंडळी दार उघडता उघडता म्हणायच्या, "या, तुमीच राह्यला हुता." रोजचा फेरा कालच्यापेक्षा जरा रेघेकडं सरकलेला दिसायचा. जरासाच. अश्विनी म्हणाली, आता कधीही ओलांडेल.

आणि एका सकाळी व्याही पेढे घेऊन आले. तोंड फुललेलं. "पाव्हणं, घ्या. विहीणबाई घराकडं निघाल्या. वाकडं न्हाई तिकडं न्हाई, सरळ किनाऱ्याकडं."

मी मोबाईल हातात घेतला. भोवऱ्यातनं एक रेघ सुटली होती, पट्टी लावून ओढल्यासारखी, थेट जमिनीकडं. जन्मभर मी रूळ बघितले. सरळ कोण चालतं ते मला कळतं. पाणी असं चालत नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. अश्विनी. "अण्णा, कुणीतरी उचललं. होडीतनं नेतायत. कागद लावलेला होता, नाव पण होतं, तरी का उचललं असेल?" लहानपणी पाटी फुटल्यावर यायचा तसा तिचा आवाज.

व्याह्यांनी ते ऐकलं. हातातला पेढ्यांचा पुडा त्यांनी खाली ठेवला आणि ओट्याच्या कडेला बसले. "मीच लिवलं की पाव्हणं," म्हणाले. "पोचते करावे." फोन माझ्या हातनं घेऊन त्यांनी सुनेलाही सांगितलं, एका दमात, काही लपवलं नाही. मग ती म्हणाली, "राहू द्या मामा. रडू नका." मी बघितलं तर खरंच रडत होते.

ठिपका कोकणातल्या एका गावाच्या किनाऱ्यावर जाऊन थांबला. आता हलेना. तिकडं संस्थेनं त्या गावात चौकशी लावली, इकडं व्याह्यांनी पिशवी भरली. "जातो, आनतो, आन सोताच्या हातानं परत सोडतो." मी म्हटलं, "तुमी मोडनिंबच्या पुढं एकटं गेला तर आमाला दोन ठिपकं शोधावं लागतील." त्यांना तेही पटलं. मांडणीसमोर भिंतीला टेकून ते बसून राहिले, जेवायला बोलावलं तरी उठेनात.

आणि दुपारी मांडणीवर कोकीळ बोलली.

इंदू गेल्यापासून तो आवाज घरात झाला नव्हता. दुसऱ्यांदा वाजल्यावर मी उठलो, चार्जरची वायर काढली, आणि व्याह्यांनी बोट लावून आवाज मोठा केला.

"हॅलो. इंदुमतीबाय आसत काय?"

मी म्हटलं, "न्हाईत. मी त्यांचा मालक बोलतोय."

"तुमचा झाकाण गावला हा आमका. दर्यात एका डब्याक लावलला. बाजूक इंग्रजीत कायतरी चिकटवलेला, ता माका वाचूक येणा नाय. पण ह्या मराठीत होता, पोचते करा म्हणान. म्हटलंय, कोणाच्यातरी घरातला आसा. म्हणान उचललंय."

व्याही पुढं वाकून म्हणाले, "खालचं कापड फाटलं का ओ?"

"फाटूक नाय. धुवन वाळत घातलंय. येवन घेवन जावा, नायतर हंयसून एसटीन धाडतंय."

मी व्याह्यांकडं बघितलं. हा माणूस जन्मभर हजारो भांड्यांवर नावं घालत बसला, ते एवढ्यासाठीच की कधीतरी कुणीतरी नाव वाचेल आणि वस्तू परत देईल. एकाही वस्तूसाठी त्यांना असा फोन आला नव्हता. आज आला. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते झाकण पाहिजे होतं. मांडणीवर डबा उघडा पडला होता, हळदीवर धूळ बसत होती. एसटीनं धाडा एवढं म्हटलं असतं की झालं. व्याही फक्त म्हणाले, "पाव्हणं, भांडं तुमचं हाय. तुमीच सांगा."

मी विचारलं, "तुमी परत दर्यावर कवा जाणार?"

"फाल्यां पहाटे." म्हणजे उद्याच.

"मग जिथनं उचललं तितंच न्या, आन सोडा."

तो माणूस म्हणाला, "सोडलंय तर परत हाताक गावाचा नाय हां. नाव आसा तेच्यार."

"आसू द्या नाव. तिला पलीकडं जायाचंय."

पलीकडच्या माणसाला काय समजलं कुणास ठाऊक, पण तो हळू आवाजात म्हणाला, "बरा. सोडतंय." व्याह्यांनी त्याला अश्विनीचा नंबर दिला, नेमकं कुठं सोडायचं ते ती सांगेल म्हणून. फोन ठेवायच्या आत घाईनं म्हणाले, "आन ओ भाऊ, ती मागची अक्षरं खरवडून टाका. पोचते करावे ती. नाव न्हाई. नाव ऱ्हाऊ द्या."

डबा पाण्याबाहेर होता त्या मधल्या दिवसांचा हिशोब कामातनं वगळावा लागेल, असं अश्विनी म्हणाली. पण भोवरा मोडला नव्हता, जरा पुढं सरकून तिथंच फिरत होता. त्या माणसानं तिनं सांगितल्या जागी डबा नेऊन सोडला. ठिपका दिवसभर एका जागी घुटमळला. व्याह्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मग ठिपका वळला. पुन्हा एक फेरा, आणखी एक, काळ्या रेघेला टेकला, मागं आला, परत टेकला. मी नोकरीत एवढ्या गाड्या सोडल्या, पण असा जीव कुठल्या गाडीसाठी टांगणीला लागला नव्हता. एका दुपारी अश्विनीचा फोन आला. "अण्णा," म्हणाली, "आई ओट्यावरनं उतरली."

मी म्हटलं, "बरं." मग म्हटलं, "जेवलीस का?"

तिला पुढच्या साली जहाज मिळणार आहे. ठिपका पुढं बरेच दिवस दिसत होता, खोल पाण्यावर, एकटाच, कुणाच्या वाटेत नसल्यासारखा. मग बॅटरी गेली असणार. एक दिवस व्याह्यांनी नकाशा उघडला आणि नुसतं निळं होतं. त्या दिवशी त्यांनी काही काळजी बोलून दाखवली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

परवा आले ते पिशवीतनं एक झाकण घेऊन. मिसळणाच्या डब्याच्या मापाचं, नवं, भांडे बाजारात फिरून शोधलेलं. मी उलटंसुलटं करून बघितलं. दोन्हीकडनं कोरं. म्हटलं, "व्याही, नाव घालायचं राह्यलं की."

"राह्यलं न्हाई," ते म्हणाले. "घातलं न्हाई. एक हाय की तिकडं."

झाकण डब्यावर नीट बसलं. चहा पिऊन ते उठले, ओट्याच्या कडेला हात टेकून एकेक पाय खाली सोडला. मग आठवल्यासारखं वळून म्हणाले, "रिचार्ज मारला का?"

"मारला."

"मारत ऱ्हावा," म्हणाले, आणि गळ्यातला बिल्ला सदऱ्याच्या आत सारून गल्लीतनं सावकाश निघाले. वळणापर्यंत मी त्यांच्याकडं बघत उभा होतो. आत आलो, मोबाईल पुसला, परत चार्जिंगला लावला.